सकाळचे साडेआठ

साडेआठला मी गच्चीवर असते.
दूध उतू जाऊ शकतं,
दुसऱ्या मजल्यावरच्या टिपणीसबाई जिन्यात अडवून विचारू शकतात,
काय म्हणतंय आज तुमचं आकाश?
सगळ्यांना पाच मिनिटं थांबावं लागतं.

सहकारनगर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला
झडपांची पांढरी लाकडी पेटी.
आत शेजारी शेजारी दोन पारे:
एक कोरडा,
एक पायात ओला मोजा घातलेला.
मोज्याचं कापड बाबांच्या मलमलच्या सदऱ्याचं.
नवं कापड पाणी ओढत नाही नीट,
चार-सहा वर्षं धुतलेलं लागतं.
दोघांतला फरक म्हणजे हवेची तहान.
एप्रिलच्या दुपारी सतरा अंश. जुलैत अर्धा.

बाबा वेधशाळेत नव्हते.
आयुष्यभर त्यांनी स्वारगेट डेपोत टायरमधली हवा तपासली,
घरी आल्यावर बाहेरची.

सिंहगडावरचा मनोरा दिसला, तर नजर लांब.
नुसती पर्वती दिसली, तर जवळ.
टिपणीसबाईंची वाळत घातलेली साडीही दिसेना,
तर ‘धुकं’ लिहायचं
आणि जिना जपून उतरायचा.

डिसेंबरात अख्खं पुणं विचारतं, पाषाणला किती?
पेपरात साडेआठ, आमच्या पेटीत अकरा पूर्णांक दोन.
मला वाटायचं, आपलं चुकलं.
बाबा म्हणायचे, शहराला एकच थंडी नसते गं,
ती पाण्यासारखी उतार शोधते,
रात्रभर टेकडीवरून उतरते
आणि ओढ्याकाठी जाऊन बसते.

एका मार्चात गारा पडल्या.
बाबांनी लिंबाएवढी एक उचलली, सुरीनं चिरली.
आत कांद्यासारखे पापुद्रे.
बघ, किती वेळा वर गेली आणि खाली आली बिचारी.
मग दोन्ही अर्धे सरबतात.

नियम एकच कडक होता.
पाऊस नाही पडला तर शून्य.
फरशीवर नुसते टिपके, मापात काही नाही, तर ‘नाममात्र’.
आणि बघितलंच नाही तर रेघ.
रेघेच्या जागी शून्य घातलंस
तर ते खोटं बोलणं, बाबा म्हणायचे.
शून्य म्हणजे मी आले होते,
पाहिलं,
काही नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या वहीत दहा रेघा आहेत.

हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावरची खिडकी उघडत नव्हती.
बाबा डोळे न उघडता विचारायचे, आज किती?
मी एसीच्या रिमोटवर बघून सांगायची, चोवीस.
काल?
चोवीस.
हे काही हवामान नव्हे, असं म्हणून ते
भिंतीकडे कूस वळवायचे.

बाराव्या दिवशी मी गच्चीवर गेले.
पर्जन्यमापकात एकोणचाळीस मिलिमीटर,
अकरा दिवसांचं एकत्र.
कुठल्या दिवशी किती, कुठल्या रात्री वीज होती,
हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.
त्यातलं काही उडूनही गेलं असेल.

वही पेटीखाली, पिशवीत, कोरडी.
अकरातला एक चौकोन भरलेला होता, पेन्सिलनं,
टिपणीसबाईंच्या नातवाच्या अक्षरात:
‘ढग होते. कबूतर पण होतं.’
असली नोंद कुठल्याही शास्त्रात बसत नाही.
खोडरबर हातात होता. ठेवून दिला.

पेटी उघडली.
मोजा वाळून कडक झालेला,
दोन्ही पारे अगदी एकच आकडा सांगत होते.
ज्याला ठाऊक नाही तो म्हणाला असता,
हवेला आता तहानच उरली नाही.

सदऱ्याची एक बाही अजून शिल्लक होती.
बोटभर पट्टी कापली, बांधली,
वाटीत पाणी ओतलं
आणि उभी राहिले.
बराच वेळ काही झालं नाही.
मग ओला पारा, केसभर,
आणखी केसभर,
उतरायला लागला.

आठ वाजून त्रेपन्न.
उशीर झाला होता. तोही लिहिला.